पाणी आलं नाही, म्हणजे पंप चालवला नाही: हा युक्तिवाद नेमका कुठे चुकला?

ऐरोलीकर
मंगळवार, रात्री ९:१०

आमची सोसायटी ऐरोलीत आहे. सात मजले, मजल्यावर चार घरं. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्या नळाला थेंब नव्हता. शाळेची, ऑफिसची वेळ, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत खाली वीस-बावीस माणसं जमली. प्लंबर आला, गच्चीवर गेला, काहीतरी ठोकठाक केली आणि अकरापर्यंत पाणी आलं. काय बिघडलं होतं हे त्याला कुणी विचारलं नाही.

रविवारी सभा झाली. तिथे मांडणी अशी होती: रात्री पंप चालवला नाही तर सकाळी पाणी येत नाही. मंगळवारी पाणी आलं नाही. म्हणजे सोमवारी रात्री पंप चालवला नाही. रात्रपाळीचे वॉचमनकाका सांगत होते, "साब, चलाया था." त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. दोन दिवसांचा पगार कापायचा ठराव झाला. मीही हात वर केला.

पंधरा दिवसांनी परत तेच झालं. त्या रात्री काका सुट्टीवर होते आणि पंप खुद्द चेअरमननी चालू केला होता! या वेळी प्लंबरने व्हॉल्व्ह खोलून माझ्या हातात दिला. वरचं चाक मोकळं फिरत होतं, पण आतली पितळी चकती दांड्यापासून सुटून खाली बसली होती. वरून बघणाऱ्याला व्हॉल्व्ह उघडा, आतून मात्र पाण्याची वाट बंद. पहिल्या वेळी ठोकल्यावर ती तात्पुरती वर सरकली असणार.

मला झोप लागत नाहीये ती यामुळे की सभेतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पंप न चालवल्यास पाणी येत नाही हे खरं, आणि पाणी आलं नाही हेही खरं. मग दोन खऱ्या वाक्यांमधून खोटं कसं निघालं? मुलीला अकरावी आर्ट्सला तर्कशास्त्र आहे. तिने ऐकून लगेच सांगितलं, "बाबा, हा अवैध युक्तिवाद आहे." पण हात वर करण्याआधी हे ओळखायचं कसं, ते मला शिकायचं आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गोखले_रोड
मंगळवार, रात्री १०:२५

मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजला तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

युक्तिवादात आधारविधानं असतात आणि त्यांच्या आधाराने काढलेला निष्कर्ष असतो. वैधता हा गुण एकेका वाक्याचा नव्हे, त्यांच्यातल्या बांधणीचा. आधारविधानं खरी असताना निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, अशी बांधणी असेल तर युक्तिवाद वैध. एक जरी अशी परिस्थिती कल्पनेत उभी करता आली, जिथे आधारविधानं खरी आणि निष्कर्ष खोटा, तर तो अवैध. 'शकत नाही' या शब्दांवर सगळा भार आहे.

तुमच्या सभेतल्या युक्तिवादाचा साचा असा: जर प, तर फ. फ आहे. म्हणून प. आता याच साच्यात दुसरा माल भरून बघा. नवी मुंबईत राहणारा माणूस महाराष्ट्रात राहतो. माझा मेहुणा महाराष्ट्रात राहतो. म्हणून माझा मेहुणा नवी मुंबईत राहतो. मेहुणा कोल्हापूरला असतो. दोन्ही आधारविधानं खरी, निष्कर्ष खोटा, आणि साचा तोच. मेहुण्याला लावल्यावर जो साचा फुटतो, तो वॉचमनला लावतानाही फुटकाच असतो.

मी मुलांना हीच कसोटी द्यायचो. समोरच्याचे शब्द काढून टाका, सांगाडा ठेवा आणि त्याच सांगाड्यात असं काही बसवा की आधार उघड खरे आणि निष्कर्ष उघड खोटा. जमलं तर साचा अवैध ठरला. नाही जमलं तर मात्र लगेच 'वैध' म्हणायचं नाही, कारण आपल्याला उदाहरण सुचलं नसेल एवढंच. त्यासाठी वेगळ्या रीती आहेत.

सातबेचाळीस
मंगळवार, रात्री १०:५८

सर, हे मी रोज प्लॅटफॉर्मवर बघतो. सगळ्या फास्ट लोकल ठाण्याला थांबतात. आता कुणी नवखा ठाण्याला थांबलेली गाडी बघून ती फास्ट आहे असं धरून चढला, तर स्लोमध्ये बसून मुलुंड, नाहूर, भांडुप करत जाईल. थांबणं हे फास्टचं लक्षण आहे, पण एकट्या फास्टचं नाही.

उलट बाजूनेही लोक फसतात. तिकीट नसेल तर टीसी दंड करतो. माझ्याकडे तिकीट आहे, म्हणून मला दंड होणार नाही. हे बोलणारा माणूस सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये उभा होता. दंड झाला.

गोखले_रोड
मंगळवार, रात्री ११:१२

सातबेचाळीस, फार नेमकी उदाहरणं. 'जर प तर फ' यातल्या प ला पूर्वांग म्हणतात आणि फ ला उत्तरांग. पूर्वांगाला होकार देऊन उत्तरांग काढणं वैध. उत्तरांगाला नकार देऊन पूर्वांग नाकारणं वैध. उत्तरांगाला होकार देऊन मागे येणं अवैध, ती तुमची थांबलेली गाडी. पूर्वांगाला नकार देऊन उत्तरांग नाकारणं अवैध, तो तुमचा फर्स्ट क्लासवाला. सभेत, घरात, टीव्हीवर ज्या चुका ऐकू येतात त्यांतल्या पुष्कळशा या शेवटच्या दोनांत बसतात.

ऐरोलीकर
बुधवार, सकाळी ७:३५

गोखले_रोड सर, मनापासून आभार. साच्याचं कळलं. पण मुलीच्या वहीत एक गणित आहे: सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर राहतो. याला बाईंनी 'वैध' दिलंय! धडधडीत खोटं वैध कसं? आणि मग वैधतेचा उपयोग काय?

गोखले_रोड
बुधवार, सकाळी ९:०५

वैधता एवढीच हमी देते: वरून खरं ओतलं तर खालून खरंच निघेल. खोटं ओतलं तर काय निघेल याची हमी नाही. मासे झाडावर राहतात हे खरं असतं, तर बांगड्याला दुसरी वाट नव्हती. म्हणून वैध. खरी आधारविधानं आणि वैध साचा, दोन्ही असतील तेव्हाच निष्कर्षावर विसंबायचं. तुमच्या सभेत पहिलं होतं, दुसरं नव्हतं. बांगड्यात दुसरं आहे, पहिलं नाही.

उपयोग विचारलात म्हणून सांगतो. वैध युक्तिवादाचा निष्कर्ष खोटा निघाला, तर निदान एक आधारविधान खोटं आहे हे पक्कं कळतं. अवैध युक्तिवादातून तेवढंही कळत नाही.

घोडबंदरची_डॉक्टर
बुधवार, दुपारी २:४०

मी जनरल प्रॅक्टिस करते आणि इथे थोडा विरोध नोंदवते. डेंग्यू असेल तर ताप येतो, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे दुखतं. समोरच्या पेशंटला हे सगळं आहे. पावसाळा आहे, शेजारच्या घरात डेंग्यू निघालाय. मी डेंग्यूकडेच बघणार. तुमच्या भाषेत मी उत्तरांगावरून पूर्वांगाकडे आले, म्हणजे अवैध. पण असं मागे न येता एकही निदान होणार नाही. परिणामावरून कारणाकडे जाणं हा गुन्हा असल्यासारखं लिहू नये.

गोखले_रोड
बुधवार, दुपारी ४:१५

डॉक्टर, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तो विगमनाचा, म्हणजे अनुभवावरून संभाव्य निष्कर्षाकडे जाण्याचा प्रांत. तिथे वैध-अवैध नसतं, कमी-जास्त बळकट असतं. एक विचारतो: तो विचार मनात आल्यावर तुम्ही काय करता?

घोडबंदरची_डॉक्टर
बुधवार, रात्री ८:२०

रक्त पाठवते. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन, नंतर आयजीएम, सोबत प्लेटलेट. रिपोर्ट येईपर्यंत पॅरासिटामॉल देते, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन टाळते. मलेरिया आणि लेप्टो डोक्यातून काढत नाही.

तुम्ही कुठे नेताय ते कळलं. हो, मी त्याला 'अंदाज' म्हणते, पुढची तपासणी ठरवण्यासाठी वापरते. त्या सभेत अंदाजावर थेट पगार कापला गेला. गच्चीवर जाऊन बघायला दहा मिनिटं लागली असती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तर्कसंग्रही
बुधवार, रात्री ९:४५

धागा वाचून राहवलं नाही. सभेत 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांना कल्पनाही नसेल, पण न्यायशास्त्राचं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचं, सगळ्यात प्रसिद्ध, घासूनपुसून लख्ख केलेलं उदाहरण तेच आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू (म्हणजे दिलेलं कारण), उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच अवयवांत ते मांडतात. 'जिथे जिथे, तिथे तिथे' या अतूट सोबतीला व्याप्ती म्हणतात.

आता अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, सतराव्या शतकातला, उलट प्रश्न करतो. पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे, असं म्हटलं तर? चालत नाही. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीसोबत ओलं इंधन लागतं. या न सांगितलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आणि धुराशिवायही आढळणारा हा हेतू सव्यभिचार, म्हणजे आपली जागा सोडून भटकणारा. पाच हेत्वाभासांतला, म्हणजे सदोष हेतूंच्या प्रकारांतला, हा पहिला.

ऐरोलीकरांच्या सभेत हेतू होता 'पाणी नाही'. हा हेतू पंप बंद असताना दिसतो, व्हॉल्व्ह अडकल्यावर दिसतो, महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत आलंच नाही तरी दिसतो. तुमच्या हातात आलेली ती पितळी चकती म्हणजे तुमचा तापलेला गोळा. आणि धुराची म्हण त्या सभेत लागूच नव्हती. धूर म्हणून दाखवलं जात होतं ते लोकांचं बोलणं.

महापे_आयटी
गुरुवार, दुपारी १:१०

सरांनी 'वेगळ्या रीती' म्हटलं त्यातली एक देतो, सत्यता कोष्टक. प म्हणजे 'पंप चालवला नाही', फ म्हणजे 'पाणी आलं नाही'. प्रत्येक खरं किंवा खोटं, त्यामुळे चारच ओळी. त्यातली एक अशी: प खोटं, फ खरं. या ओळीत 'जर प तर फ' हे खरंच राहतं, कारण ते वाक्य फक्त 'प खरं आणि फ खोटं' असेल तेव्हाच मोडतं. म्हणजे दोन्ही आधारविधानं खरी आणि निष्कर्ष प खोटा. संपलं, अवैध. ती ओळ मराठीत वाचली तर 'पंप चालवला होता, तरी पाणी आलं नाही'. काका सभेत तीच ओळ सांगत होते.

अशी एकही ओळ सापडली नाही तर युक्तिवाद वैध, इथे सुचण्या-न सुचण्याचा प्रश्न उरत नाही. अडचण एकच, ओळी दुप्पट होत जातात. दहा साधी विधानं असतील तर १०२४.

आणि एक कोडं. चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला गाडीचा प्रकार, दुसऱ्या बाजूला ठाण्याला थांबते की नाही. समोर दिसतंय: 'फास्ट', 'स्लो', 'थांबते', 'थांबत नाही'. 'फास्ट असेल तर ठाण्याला थांबते' हा नियम या चार कार्डांसाठी खरा आहे का ते तपासायला नेमकी कुठली कार्डं उलटाल? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अक्षरं आणि आकडे घेऊन हा प्रयोग मांडला, आणि शिकलेसवरलेले बहुतेक लोक त्यात चुकले.

वाशी_बँकपरीक्षा
गुरुवार, सायंकाळी ६:३०

'फास्ट' आणि 'थांबत नाही'. 'थांबते'च्या मागे काहीही असलं तरी नियमाला धक्का लागत नाही. मी पण आधी 'फास्ट' आणि 'थांबते' म्हणणार होते, सरांची चार वाक्यं परत वाचली तेव्हा जमलं.

माझी एक खरी अडचण आहे. क्लासमध्ये आम्हाला 'सर्व क ख आहेत' दिलं की 'काही क ख आहेत' हा निष्कर्ष 'निघतो' असं शिकवतात. मैत्रीण बीएला लॉजिक करते, ती म्हणते निघत नाही. दोघींची भांडणं झाली. बरोबर कोण? आणि 'काही क ख आहेत, काही ख ग आहेत, म्हणून काही क ग आहेत' यात मी दर वेळी फसते.

गोखले_रोड
गुरुवार, रात्री ९:००

दुसरं आधी. काही पुरुष ठाणेकर आहेत. काही ठाणेकर बायका आहेत. म्हणून काही पुरुष बायका आहेत. हे एकदा मोठ्याने म्हणा, परत फसणार नाही. मधला 'ठाणेकर' एकदा तरी पूर्ण पसरलेला हवा, 'सर्व ठाणेकर' असा. तो दोन्हीकडे 'काही' असेल तर दोन टोकं जोडली जात नाहीत.

आता भांडण. तुम्ही दोघीही बरोबर आहात, फक्त गृहीत वेगळं आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत 'सर्व क' म्हटलं की निदान एक तरी क अस्तित्वात आहे असं धरतात. बूल आणि व्हेन यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीत तसं धरत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या फलकावर 'मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्या सर्वांना दंड होईल' असं लिहिलंय समजा. वर्षभर कुणीच उशीर केला नाही, तरी फलक खोटा ठरत नाही. पण 'काहींना दंड झाला' हे त्यातून निघत नाही. या एका गृहीताने केवढा फरक पडतो बघा: दोन आधारविधानं आणि एक निष्कर्ष अशा 'सर्व-काही'च्या युक्तिवादांचे (तर्कशास्त्रात यांना संविधान म्हणतात) एकूण २५६ प्रकार होतात, त्यातले जुन्या पद्धतीने २४ वैध, नव्या पद्धतीने १५. बँकेच्या परीक्षेत जुनं गृहीत चालतं, तिथे तेच धरा. वर्तुळं काढून सोडवत असाल तर काढाच. व्हेनने ती १८८० मध्ये याच कामासाठी मांडली.

ऐरोलीकर
गुरुवार, रात्री ११:२०

सर, मी आज स्वतः एक केलंय. तपासून द्या.

त्या मंगळवारी नऊ वाजता प्लंबर गच्चीवरून उतरला तेव्हा मी जिन्यात होतो. तो म्हणाला होता, "वर टाकी काठोकाठ आहे." मी ते ऐकलं होतं आणि विसरलो होतो. आता: रात्री पंप चालवला नसता, तर सकाळी टाकी भरलेली नसती. टाकी भरलेली होती. म्हणून पंप चालवला होता. उत्तरांगाला नकार, म्हणजे वैध. बरोबर ना? म्हणजे काका खरं बोलत होते हे त्याच दिवशी सिद्ध करता आलं असतं!

गोखले_रोड
शुक्रवार, सकाळी ६:५०

साचा वैध आहे. अगदी निर्दोष.

महापे_आयटी
शुक्रवार, सकाळी १०:३०

साच्याबद्दल वाद नाही, पण पहिल्या आधारविधानाबद्दल आहे. ऐरोलीकर, मी काकांच्या विरुद्ध नाही, पण ही बाजू तपासायलाच हवी. समजा व्हॉल्व्ह सोमवारी संध्याकाळीच बसला. मग टाकीतून पाणी खाली उतरलंच नसेल, आणि सोमवारी सकाळी भरलेली टाकी पंप न चालवताही मंगळवारी काठोकाठच दिसेल. म्हणजे 'पंप चालवला नसता तर टाकी भरलेली नसती' हेच कदाचित खोटं. वैध युक्तिवाद, पण बांगड्याच्या जातीचा.

सातबेचाळीस
शुक्रवार, सकाळी १०:४४

हा मुद्दा मला सुचला नव्हता. ऐरोलीकर, व्हॉल्व्ह एकच आहे का? सगळ्यांचंच पाणी गेलं होतं का?

ऐरोलीकर
शुक्रवार, रात्री ९:३०

दिवसभर याच विचारात होतो. नाही, व्हॉल्व्ह एक नाही. आज गच्चीवर जाऊन बघून आलो. टाकी एकच, खाली उतरणाऱ्या लाइनी दोन. एक ०१ आणि ०२ नंबरच्या घरांची, दुसरी ०३ आणि ०४ ची. बिघडलेला व्हॉल्व्ह आमच्या, म्हणजे ०१-०२ च्या लाइनवर. उरलेल्या चौदा घरांना त्या सकाळी पाणी होतं. सभेत ५०३ मधल्या काकू म्हणाल्याही होत्या, "आमच्याकडे तर आलं होतं." त्यांना उत्तर मिळालं, तळाचं उरलंसुरलं तुमच्या लाइनला गेलं असेल. त्या गप्प बसल्या.

म्हणजे चौदा घरांनी संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीची भांडी, सकाळच्या आंघोळी त्याच टाकीतून केल्या. त्यात रात्री पंप चालला नसता तर नऊ वाजता टाकी काठोकाठ राहिलीच नसती. आता पहिलं आधारविधान उभं राहतं का?

महापे_आयटी
शुक्रवार, रात्री ९:५२

राहतं. चौदा घरांचा वापर झाल्यावर माझी शंका टिकत नाही. मागे घेतो.

तर्कसंग्रही
शुक्रवार, रात्री १०:१५

आणि 'उरलंसुरलं गेलं असेल' हे उत्तर काठोकाठ टाकीसमोर बाधित ठरतं. प्रत्यक्षच आड आलं की तिथे अनुमानाला जागा नसते.

ऐरोलीकर
रविवार, रात्री ८:४०

आज सकाळी पंपरूममधलं रजिस्टर काढलं. पुठ्ठा ओला होऊन फुगलाय, पानं चिकटलीत. त्या सोमवारची नोंद पेन्सिलीने, हिंदीत आहे: ११:१० चालू, १२:२५ बंद. रजिस्टर सभेच्या दिवशीही तिथेच खिळ्याला लटकत होतं.

समितीकडे लेखी अर्ज दिला. टाकी, दोन लाइनी, ५०३ चं म्हणणं, व्हॉल्व्हचा फोटो, रजिस्टरचं पान, सगळं क्रमाने लावलं. मुलीने प्रत्येक 'म्हणून' शब्दाखाली रेघ मारून तपासून दिलं आणि एक 'म्हणून' काढायला लावला. चेअरमननी वाचून लगेच सही केली. ठराव पुढच्या सभेत रद्द होईल, कापलेले पैसे या पगारात परत.

काकांना सांगायला गेटवर गेलो. मी हात वर केला होता हे त्यांना माहीत आहे, तेही बोललो. ते खुर्चीवरून उठून म्हणाले, "पैसे ठीक है साहब, वो कागज पे जो लिखा था वो कटेगा ना?" कटेगा, म्हणालो. पुढच्या सभेची तारीख लागली की ठरावाची प्रत त्यांच्या हातात देणार आहे.